उतारावर लावलेली गाडी

ता. ६ जानेवारी

श्री. व्याहीबुवा यांस,

सा. न. वि. वि. आणि त्यातली विशेष विनंती अशी, की हे पत्र वाचायच्या आधी कॅलेंडरकडे एकदा नजर टाकावी. आपल्या दोघांच्या गाड्यांना आज पाच वर्षं पूर्ण झाली. तुमच्या लक्षात नसणार. पोरांचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात तुम्ही मला हाताला धरून शोरूममध्ये नेलंत, छोटी पण डिकीवाली गाडी म्हणजे संसारी माणसाची शोभा, असं व्याख्यान दिलंत, आणि एकाच रंगाच्या, एकाच लॉटच्या दोन गाड्या घ्यायला लावल्यात. दोन गाड्यांवर पायपुसण्यांचे दोन सेट फुकट मिळाले, त्याचा आनंद तुमच्या चेहऱ्यावर लग्नापेक्षा जास्त होता, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं होतं.

पत्र लिहितोय, कारण आपल्यावरची फोनबंदी अजून उठलेली नाही. गेल्या वर्षी डिकीत किती बॅगा मावतात यावरून आपण चाळीस मिनिटं भांडलो, तेव्हा माझ्या लेकीनं, म्हणजे तुमच्या सूनबाईनं, निकाल दिला की दोघांनी यापुढे कागदावर भांडायचं, कागदाचा आवाज शेजारी जात नाही. निकाल मान्य आहे. त्यातून तुमचं म्हणणं आता लेखी मिळतं, हा फायदाच.

तर पाच वर्षांचा अहवाल. गाडीनं मला काडीचा त्रास दिलेला नाही. लिटरला अठरा देते. मी तीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होतो, मापात चूक करत नाही. आवाज नाही, धूर नाही, कुरकुर नाही. तुमचं काय ते कळवा, लपवू नका.

घरची बातमी अशी, की कन्या परवा आमच्याकडे आली. जावईबापू विजेचे मनोरे उभे करायला दोन महिने कुठल्याशा डोंगरात गेलेत, तिथे फोन लागला तर लागला. आठवा महिना सुरू आहे. तब्येत उत्तम. स्टेशनवरून गाडीनं आणली, पोटातलं पाणी हललं नाही म्हणाली. विहीणबाईंना आमच्या हिचा नमस्कार सांगा.

लोभ आहे तेवढा पुष्कळ आहे, फक्त त्याला गंज चढू देऊ नये.

आपला,
व्याही (निरीक्षक, निवृत्त)


ता. १३ जानेवारी

श्री. निरीक्षकसाहेब, म्हणजेच व्याहीबुवा यांस,

सा. न. वि. वि.

अठराचा आकडा वाचून मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. घरचंच दुकान असल्यानं नवीन नंबरही काढून बघितला. आकडा अठराच राहिला. अभिनंदन. दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेली मेणाची गोळी हुडकण्यात तुमचा जन्म गेला, तेव्हा तुमच्या मापाबद्दल शंका घेणं पाप आहे. मी ते मनातल्या मनात केलं.

माझी एकोणीस देते. पुढे अर्धा येतो, पण मी तो सांगत नाही, फुशारकी मला आवडत नाही.

बाकी गाडीचं म्हणाल तर दिवसेंदिवस तिच्यात नवनव्या सोयी निघताहेत. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो. कंपनीनं यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत. मागची उजवी काच खाली जाते आणि तिथेच राहते, त्यामुळे हवा खेळती असते. एसी थंडीच्या दिवसांत फार सुंदर चालतो. डिकीचं झाकण एकदा उघडलं की आपण सांगेपर्यंत उघडं राहतं, फक्त सांगायला डोकं मध्ये धरावं लागतं. आणि इंजिन म्हणाल तर किल्ली नुसती दाखवायची. लावायचीसुद्धा गरज नाही, लांबून दाखवली की सुरू.

मध्यंतरी गंमत म्हणून जुन्या गाड्यांच्या दलालाला दाखवली. विकायची नव्हती, तिची योग्यता दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी एवढाच हेतू. तो गाडीभोवती दोनदा फिरला आणि पायपुसणी छान आहेत म्हणाला. माणूस मोजकंच बोलणारा होता.

आमच्या सौ. बऱ्या आहेत. सूनबाईंसाठी लोकरीचं काहीतरी विणताहेत, ते मोजा आहे की टोपी हे अजून ठरलेलं नाही. गाडीत मात्र त्या फारशा बसत नाहीत. गेली तीन वर्षं त्यांना बसचंच वेड लागलंय. खिडकीतून बाहेर बघायला बरं वाटतं म्हणतात. असतात एकेकाच्या आवडी.

सूनबाईंना जपा. लोभाची टाकी भरलेलीच आहे, काटा मात्र खाली दाखवतो, तिकडे लक्ष देऊ नये.

आपला,
चष्मेवाला व्याही


ता. २१ जानेवारी

श्री. व्याहीबुवा यांस,

सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. एकोणीस वाचून आमची ही हसली. मी हसलो नाही, कारण आपण नातेवाईक आहोत.

तुमच्या त्या पत्राचा मात्र भलताच उपयोग झाला, म्हणून मुद्दाम लिहितोय. इथलं बाळंतपणाचं चांगलं रुग्णालय आमच्या घरापासून सव्वीस किलोमीटरवर आहे. मध्ये एक रेल्वेफाटक लागतं, बाकी रस्ता सरळसोट. डॉक्टरीणबाईंनी फेब्रुवारीची वीस तारीख दिली आहे. परवा जावईबापूंचा त्या डोंगरातून कसाबसा फोन लागला. त्यांचं म्हणणं पडलं, की शेवटचे पंधरा दिवस भाड्याची एक गाडी ड्रायव्हरसकट दारात उभी ठेवावी. मुलगा सालस आहे, पण घाबरट. कोणावर गेलाय ते मी विचारलं नाही.

मी त्यांना तुमचं पत्र फोनवर वाचून दाखवलं. किल्ली नुसती दाखवली की सुरू, हे वाक्य दोनदा वाचलं. म्हटलं, तुमच्या वडिलांची अशी आहे, माझी त्याच दिवशी त्याच लॉटमधून निघाली आहे, मग घरची गाडी उभी असताना दारात दुसऱ्याची कशाला? आयुष्यभर लोकांच्या वस्तू खऱ्या की खोट्या ते मी ठरवलं आणि माझ्याच लेकीला न्यायची वेळ आली तेव्हा मी भाड्याची गाडी आणली, असं गल्लीत झालं तर तोंड कुठे लपवू? वडिलांचंच लेखी मत ऐकल्यावर जावईबापू गप्प झाले. बाबा म्हणताहेत तर ठीक आहे, म्हणाले.

तेव्हा तुमचे आभार. इतकी वर्षं तुमच्या लिहिण्याचा कोणाला उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

मोजा आहे की टोपी ते ठरलं की कळवावं. लोभ सध्या आहे त्याच गिअरमध्ये राहू द्यावा.

आपला,
व्याही


ता. २८ जानेवारी

श्री. व्याहीबुवा यांस,

सा. न. वि. वि.

माझ्या साध्या पत्राचं तुम्ही प्रमाणपत्र केलंत, हे वाचून ऊर भरून आला. इतका भरून आला की सकाळपासून घास जात नाही. दुकानात एका बाईंना लांबचा नंबर द्यायचा तो जवळचा दिला, त्या दारावर आपटून परत आल्या.

सहज म्हणून दोनतीन गोष्टी विचारतो. सहजच. पहिली ही, की तुमची गाडी चांगली तापलेली असताना बंद केली आणि लगेच किल्ली फिरवली, तर काय म्हणते? दुसरी, सूनबाईंनी मागे समोरच्या गच्चीवरून तुमच्या घराचा फोटो काढून पाठवला होता तो आज पुन्हा बघत होतो. त्यात तुमचं घर सपाटीवर दिसतं, दाराशी दोन गाड्या राहतील एवढी जागाही दिसते. मग तुमची गाडी दोन गल्ल्या सोडून त्या पाण्याच्या टाकीच्या उतारावर का उभी असते? आणि तिच्या पुढच्या चाकाखाली तो एवढा मोठा धोंडा कशासाठी? मी भिंग लावून बघितलं, धोंडाच आहे.

यात शंकाबिंका काही नाही. धंद्यामुळे बारीक बघायची खोड लागलेली.

भाड्याच्या गाडीचं म्हणाल, तर मुलगा बोलला त्यात अगदीच चूक नव्हती. आणावी एखादी. वापरायची म्हणून नाही, शोभेला. तुमची पुढे, ती मागे, असा थाट दिसेल. गल्लीलाही कळेल की निरीक्षकसाहेबांकडे दोन गाड्या आहेत. विचार करावा.

सौ. विचारतात की कन्येची झोप नीट होते का. टोपीच आहे. नंतर दोन भोकं पाडून मोजा करता येईल असं त्यांचं म्हणणं.

लोभ होता तसाच आहे, फक्त थोडा काळजीत आहे.

आपला,
व्याही


ता. ४ फेब्रुवारी

श्री. चष्मेवाले यांस,

नमस्कार. सा. न. वि. वि. पैकी आज न. एवढाच.

माझ्या दारच्या फोटोवर भिंग फिरवण्याइतका तुम्हाला वेळ मिळतो, म्हणजे दुकान कसं चाललंय ते कळलं. टाकीच्या उतारावर गाडी लावतो, कारण तिथे सावली असते. धोंडा लावतो, कारण मी शिस्तीचा माणूस आहे. घरून टाकीपर्यंत चालत जातो, कारण डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. आणखी कारणं हवी असतील तर पुढच्या पत्रात पाठवीन, तयार करावी लागतील.

तापलेल्या गाडीचं विचारलंत. माझी गाडी कशीही असली तरी मी ती नियमानं चालवतो. परवाच लेकीला तपासणीला नेताना फाटक पडलं होतं. तिथे फलक आहे, इंजिन बंद करा. सगळ्या रांगेत मी एकट्यानं बंद केलं. दरवेळी करतो. माझी मंडळी म्हणते, कोण बघतंय. मी म्हणतो, मी बघतोय.

आता स्पष्टच लिहितो. तुमचं सगळं पत्र हे कुंपणावर बसून लिहिलेलं आहे. तुमच्या गाडीला काही झालेलं असेल तर तसं लिहा. माझी गाडी बंद पडते, एवढी चार शब्दांची ओळ, खाली सही. ती ओळ ज्या दिवशी हातात पडेल त्या दिवशी मी भाड्याची गाडी दारात उभी करीन, तुमच्या नावानं उभी करीन. नाहीतर वीस तारखेला माझी लेक माझ्या गाडीतून जाईल. पाच वर्षांत तुमच्या एकोणिसाच्या वर माझा अठरा कधी गेला नाही, निदान याबाबतीत तरी मला मागे ओढू नका.

कन्येची झोप ठीक आहे. पाय सुजतात, बाकी काही नाही.

लोभाला ब्रेक लावलेला नाही, पण पाय तयार ठेवला आहे.

आपला,
निरीक्षक


ता. १० फेब्रुवारी

श्री. व्याहीबुवा,

आज वि. वि. मध्ये विशेष काही नाही. विनंती मात्र आहे, आणि ती शेवटी करतो.

काल दुपारी बंदी मोडून मी तुम्हाला फोन केला होता, तुम्हाला नवल वाटलं असेल. तुम्ही मागितलेली ओळ बोलायला केला होता. तुम्ही म्हणालात, काय म्हणते गाडी? मी म्हणालो, फर्स्ट क्लास. मग हवापाण्याचं बोललो आणि फोन ठेवला. पाच वर्षांत तोंडाला असं वळण पडलंय की जीभ आपली आपण त्या बाजूला जाते. म्हणून लिहितोय.

माझी गाडी बंद पडते. खाली सही आहे.

थंड असताना बरी सुरू होते. तापली आणि बंद केली की स्टार्टर अडकतो. मग किल्ली दाखवा, लावा, नाहीतर तिच्यापुढे हात जोडा, पाऊण तास, एक तास, कधी दोन तास ती हलत नाही. उतार असला तर ढकलून सुरू होते. दुकानाजवळ उतार नाही म्हणून मी ती चार रस्ते पलीकडे लावतो आणि गिऱ्हाइकांना सांगतो की चालणं डोळ्यांना चांगलं. दोनदा स्टार्टर बदलला. मेकॅनिक म्हणाला, काका, या लॉटला हा जन्माचा आजार आहे, असल्याच अजून दोन माझ्याकडे येतात. तेव्हाच मला तुमची आठवण झाली होती. तेव्हाच कळवायला हवं होतं. पण गाडी मी घ्यायला लावलेली. व्याख्यान माझं. तुमच्यापुढे कोणत्या तोंडानं सांगू की पायपुसणी तेवढी चांगली निघाली?

आता जे कोणालाच सांगितलेलं नाही ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी सौ.चे वडील गेले, तुम्ही भेटायला आला होतात. त्या दिवशी सकाळी नऊला माहेरचं बोलावणं आलं म्हणून सौ.नी मला फोन केला, लवकर या. मी गिऱ्हाइकाकडे गेलो होतो, लगेच येतो म्हणालो. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो. तिथे फलक होता, इंजिन बंद करा. बंद केलं. सपाट रस्ता. एक तास पन्नास मिनिटं मी त्या पंपावर उभा होतो. भाड्याची गाडी करून घरी जायचं सुचलं नाही असं नाही. आत्ता होईल, आत्ता होईल, असं म्हणत राहिलो. घरी पोचल्यावर सौ. दारातच बॅग घेऊन उभ्या होत्या. मी सांगितलं, पुलावर टँकर उलटला होता. आम्ही पोचलो तेव्हा वीस मिनिटं उशीर झालेला होता. फक्त वीस. त्यांनी टँकरचं पुढे काही विचारलं नाही.

माझ्या कौतुकाच्या पत्रावर विसंबून तुम्ही माझ्या मुलाला गप्प केलंत, हे वाचल्यापासून मला तो पंप दिसतो. विनंती एवढीच. भाड्याची गाडी आजच सांगा. आणि तेवढ्यात वेळ आलीच, तर फाटकापाशी, फलकापाशी, कोणी पोलीस सांगो की देव सांगो, गाडी बंद करू नका. रुग्णालयाच्या दारात पोरगी आत जाईपर्यंत करू नका. तुमचा धोंडा कशासाठी आहे ते मला ठाऊक आहे. माझ्याकडेही एक आहे.

हे पत्र कुरियरनं येतंय, दोन दिवसांत मिळेल. लोभ ठेवावा असं लिहायला आज धीर होत नाही. ठेवलात तर उपकार.

आपला,
व्याही


ता. १५ फेब्रुवारी

श्री. व्याहीबुवा यांस,

सा. न. वि. वि. आणि सगळ्यात आधी मुख्य बातमी, जी तुम्हाला जावईबापूंकडून अर्धीमुर्धी कळलीच असेल. तुम्हाला नात झाली. दोन किलो आठशे ग्रॅम. काटा मी स्वतः तपासला, बरोबर आहे. आई आणि लेक दोघी उत्तम.

आता बाकीचं क्रमानं. तुमचं पत्र बारा तारखेला सकाळी साडेअकराला मिळालं. पायरीवर उभ्यानं वाचलं. पहिल्यांदा, खोटं कशाला लिहू, आनंद झाला. पाच वर्षांची मनातली सल निघाली, जिंकलो असं वाटलं. मग पंपाचं वाचलं आणि खाली बसलो. उठून भाड्याच्या गाडीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, दीड तासानं येतो. म्हटलं, घाई नाही, वीस तारखेपासून हवी आहे. एवढं बोलून फोन ठेवतोय तोवर आतून कन्या दाराला धरून बाहेर आली आणि म्हणाली, बाबा, गाडी काढा. आठ दिवस आधी. ती कोणाचंही वेळापत्रक मानत नाही, हा गुण तुमच्याकडे गेल्यावर लागलेला.

दीड तास थांबणं शक्य नव्हतं. मी टाकीकडे धावलो. साठीनंतर पहिल्यांदा धावलो, लोक दारात येऊन बघत होते. धोंडा लाथेनं उडवला, गाडी उतारावरून सोडली, सुरू झाली. कन्या आणि आमची ही, दोघी मागे बसल्या. आणि फाटक पडलेलं.

व्याहीबुवा, सवय काय असते ते मला त्या दिवशी कळलं. फलक दिसला आणि माझा हात किल्लीवर गेला. मी पाठवला नव्हता, आपणहून गेला. किल्ली अर्धी फिरवणार तेवढ्यात तुमचं पत्र आठवलं. हात उचलला आणि मांडीखाली दाबून धरला. अकरा मिनिटं फाटक बंद होतं. अकरा मिनिटं माझी गाडी फलकासमोर घरघरत होती. फाटकवाला ओरडला. शेजारच्या स्कूटरवाल्यानं फलकाकडे बोट करून मला वाचता येतं का विचारलं. तीस वर्षांत मी किती लोकांकडे असं बोट दाखवलं असेल. मी त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली, येत नाही म्हणून.

रुग्णालयाच्या दारातही बंद केली नाही. आयाबाई चाकांची खुर्ची घेऊन आली, दोघी आत गेल्या, दार लागलं, मग किल्ली काढली. पहारेकरी लगेच हजर, गाडी हलवा, रुग्णवाहिकेची जागा आहे. अर्थातच हलेना. तासाभरानं शेवटी तो पहारेकरी, औषधाच्या दुकानातले दोघं आणि चालायला बाहेर पडलेला हृदयाचा एक रोगी, असे सगळे मिळून आम्ही ती ढकलत होतो. रोग्याला मी नको म्हणत होतो, पण त्याच्याकडेही हीच गाडी होती, त्याला राहवलं नाही. डिकीला दोन्ही हात लावून मी वाकलेलो असताना आमची ही दारातून म्हणाली, मुलगी झाली. मी तसाच डिकीवर डोकं टेकून उभा राहिलो. डिकी त्यावेळी प्रथमच कामाला आली.

नंतर डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. नाळ बाळाच्या मानेभोवती होती. वेळेत आणलंत, म्हणाल्या. मी विचारलं, तासभर उशीर झाला असता तर? त्या म्हणाल्या, झाला नाही ना, मग ते कशाला विचारता. फाटक ते रुग्णालय नऊ किलोमीटर आहे. मी नुसती किल्ली फिरवली असती तर आम्ही तिथेच असतो.

आता माझी ओळ. माझीही गाडी बंद पडते. दुसऱ्या वर्षापासून पडते. तुमच्यासारखेच दोन स्टार्टर. त्या तपासणीच्या दिवशी फाटकावर बंद केली तीही सुरू झाली नव्हती, चार जणांनी ढकलली होती, ते मी तुम्हाला लिहिलं नाही. कन्येला बॅटरी उतरली म्हणून सांगितलं. तिला घेऊन तसाच पुन्हा निघणार होतो, कारण तुम्ही एकोणीस लिहिलं होतंत. लिटरला साडेतेरा देते. तीस वर्षं दुसऱ्यांची खोटी मापं जप्त केली, स्वतःचं घरी ठेवलं. माझी लाज मला वाटते, ती तुम्हाला लिहायची नाही असं ठरवलं होतं, लिहून गेलो.

लोभाचं विचारता? तो आता ढकलून सुरू झालाय. बंद करू नये.

आपला,
व्याही


ता. २० फेब्रुवारी

ती. भावोजींना,

साष्टांग नमस्कार. नवऱ्याच्या व्याह्याला काय म्हणावं ते मला कधी कळलं नाही, म्हणून भावोजी लिहिते. तुमचं पत्र यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. हृदयाच्या रोग्यापाशी हसले आणि डॉक्टरीणबाईंपाशी आत गेले. नळ बराच वेळ चालू होता. तेव्हा उत्तर मीच लिहिते.

यांची पत्रं पोचवायचं काम तीस वर्षं माझ्याकडे आहे. यांचं पाकीट कसं असतं तुम्हाला ठाऊकच आहे. आधी डिंक, मग चिकटपट्टी, मग त्यावर आडवी सही. वीज बिलाचं पाकीटसुद्धा असंच. दहा तारखेचं तुमच्या नावाचं पाकीट यांनी माझ्या पर्सशेजारी ठेवलं, कुरियरला टाक म्हणाले आणि चहा न घेता दुकानात गेले. पाकीट उघडं होतं.

मी खुर्चीत बसून वाचलं. दोनदा वाचलं. मग मीच डिंक लावला, पट्टी लावली आणि टाकून आले.

टँकर उलटला नव्हता हे मला त्याच दिवशी कळलं होतं. माझी धाकटी बहीण दहा वाजता त्याच पुलावरून आली होती. यांच्या बाहीला ग्रीसही होतं. गाडी बंद पडली याचा राग मला एक दिवसही आला नाही, यंत्र आहे, पडतं बंद. राग त्या टँकरचा होता. वडिलांना शेवटचं बघायचं राहिलं ते राहिलं, त्याला कोणाचा इलाज नव्हता. पण तीन वर्षं मी वाट बघितली की हे कधी सांगतील, आणि यांनी काय केलं, तर मला बसचा पास काढून दिला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा विचारलं, टाकलंस का? मी म्हटलं, चिकटवून टाकलं. जेवताना यांनी माझ्या पानाकडे बघून विचारलं, पुरे का. एरवी विचारत नाहीत.

विहीणबाईंना सांगा, ती टोपीच आहे, मोजा करायचा बेत मी सोडला. रविवारी नातीला बघायला येतोय. गाडीनंच येतोय, आणि तीन वर्षांनी मी पुढच्या सीटवर बसणार आहे. सकाळी आठला निघू. दुपारपर्यंत आलो नाही तर घाबरू नका, गाडी कुठेतरी बंद पडली असेल आणि मी ती मागून ढकलत असेन. पोचल्यावर उशीर का झाला ते हे स्वतः सांगतील. तेवढं ऐकायला दारात उभे राहा.

नातीची दृष्ट काढायला मी आहेच, तुमच्या लोभाची काढायला तुमचे व्याही आहेत.

तुमची,
विहीण